शंका-समाधान : लिंबाच्या पानावरील शीट चालू लागते तेव्हा

पावसाळ्याचे दोन महिने सरले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत लिंबाच्या झाडाची गाऱ्हाणी हटकून असतात. यंदा बडोद्याच्या पाच वाचकांनी पाच निरनिराळे प्रश्न विचारले आहेत, पण पाचही पत्रे वाचल्यावर ध्यानात आले की सर्वांच्या अगाशीवरचा पाहुणा एकच आहे, लिंबावर वाढणारे एक फुलपाखरू. म्हणून या वेळचे सदर त्याच्यासाठीच राखून ठेवले आहे.

प्रश्न : आमच्या अगाशीवर कुंडीत कागदी लिंबाचे झाड आहे. जुलैमध्ये त्याच्या पानांवर पक्ष्याची शीट पडलेली दिसली म्हणून मी ती धुवायला गेले, तर शीट हलली. आठवडाभराने त्या ‘शिटा’ नाहीशा झाल्या आणि त्यांच्या जागी हिरव्यागार, डोळे वटारलेल्या जाड अळ्या दिसू लागल्या. नातवाने एकीला काडी लावताच तिने डोक्यातून नारिंगी शिंगे काढली आणि घाण वास सुटला. पुढे एक अळी झाडावरून उतरून कोपऱ्यात उभ्या केलेल्या खराट्याच्या काडीला चिकटली आणि तिचा कोष झाला. दुसऱ्या दिवशी ती काडी आम्ही बरणीत ठेवली आणि तोंडाला मलमल बांधली. सोळा दिवसांनी कोषाला टाचणीच्या टोकाएवढे भोक पडले आणि त्यातून मुंगीहूनही लहान अशा कितीतरी माश्या निघाल्या. शीट आणि हिरवी अळी हे दोन वेगळे किडे होते काय? आणि आमचे फुलपाखरू गेले कुठे? (एक वाचक भगिनी, दांडियाबाजार)

उत्तर : आपण पाहिलेली शीट आणि हिरवी अळी हा एकच जीव होय. त्याला मराठीत लिंबाळी म्हणतात आणि शास्त्रीय नाव पॅपिलिओ डेमोलिअस असे आहे. हे नाव स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसने 1758 मध्ये दिले. या गटातील अनेक फुलपाखरांना त्याने ट्रॉयच्या युद्धकथेतील वीरांची नावे दिली होती, आणि डेमोलिअस हा त्या कथेतील एक ग्रीक योद्धा. लिंबाच्या कुंडीत वाढणाऱ्या अळीला योद्ध्याचे नाव मिळावे याचे प्रथम हसू येते, पण तिला अंड्यापासून कोषापर्यंत कोणाकोणाची नजर चुकवावी लागते हे पाहिल्यावर ते हसू विरते.

मादी कोवळ्या पालवीवर एका वेळी एकच अंडे घालते. पानावर उतरली की ती पुढच्या पायांनी त्यावर झपझप टापा मारते. या पायांवर चव ओळखणारे सूक्ष्म केस असतात आणि झाड योग्य आहे की नाही याचा निवाडा ती त्यांच्यावरून करते. अंडे गोल, फिकट पिवळे आणि मोहरीच्या दाण्याहूनही लहान असते. तीन-चार दिवसांत त्यातून अळी बाहेर पडते आणि पहिला घास बहुधा स्वतःच्याच अंड्याच्या टरफलाचा घेते.

अळी चार वेळा कात टाकते, म्हणजे तिच्या एकूण पाच अवस्था होतात. पैकी पहिल्या चार अवस्थांत ती काळपट तपकिरी असून अंगावर पांढऱ्या रंगाचे फराटे असतात. त्यातही तिची त्वचा ओलसर चमकते, त्यामुळे नुकत्याच पडलेल्या शिटेचा भास पुरा होतो. बुलबुल किंवा शिंपी पक्षी पाने धुंडाळत आला तर त्याच्या दृष्टीने ती वस्तू खाण्याची नसतेच. आपण ती पाण्याने धुवायला गेलात, म्हणजे आपलीही तशीच फसगत झाली.

पण या सोंगाला एक मर्यादा आहे. अळी वाढून अडीच-तीन सेंटिमीटरच्या पुढे जाऊ लागली की तेवढी मोठी शीट टाकणारा पक्षी लिंबाच्या झाडावर बसत नाही, आणि सोंग उघडे पडण्याची वेळ येते. नेमक्या याच सुमारास ती चौथी कात टाकते आणि हिरवी होऊन बाहेर येते. यापुढे ती पानांत मिसळून जाते. पाठीवर तिरपे तपकिरी पट्टे असतात, ते फांदीच्या सावलीसारखे दिसून तिच्या अंगाचा आकार तोडतात. तिच्या खांद्यापाशी जे दोन ‘वटारलेले डोळे’ आपल्याला दिसले ते डोळे नव्हेत, नुसते ठिपके आहेत. खरे डोके त्यांच्या पुढे, खाली वळलेले आणि अगदी लहान असते आणि त्यावर दोन्ही बाजूंना सहा-सहा बारीक साधे नेत्र असतात. भिंगातून पाहिल्यास ते काळ्या मण्यांसारखे दिसतात. दुर्दैवाने बहुतेक लोक त्या खोट्या डोळ्यांशीच नजर भिडवून परततात.

हा रंगबदल कशाने होतो याचाही छडा लागला आहे. लिंबाळीच्या जवळच्या नात्यातील पॅपिलिओ झूथस या जातीवर जपानच्या फुताहाशी आणि फुजिवारा यांनी केलेले संशोधन 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. अळीच्या शरीरात ‘ज्युवेनाइल हार्मोन’ नावाचे एक संप्रेरक असते आणि चौथ्या अवस्थेच्या आरंभी त्याचे प्रमाण घटले की पुढची कात हिरवी येते. संशोधकांनी त्या वेळी अळीला तेच द्रव्य बाहेरून दिले, तेव्हा पाचव्या अवस्थेतील मोठी अळीही शिटेच्याच वेषात राहिली.

नारिंगी शिंगांविषयी सांगायचे तर ती शिंगे नसून डोक्यामागील फटीतून बाहेर उलटणारी, दोन फाट्यांची मऊ ग्रंथी आहे. ती डिवचल्यावर बाहेर येते आणि अंगातील द्रवाच्या दाबाने फुगते. लहान अळीच्या ग्रंथीतील वास बव्हंशी वनस्पतींतील सुगंधी तेलांसारख्या द्रव्यांचा असतो. हिरव्या अळीत मात्र तो बदलून खवट लोण्यासारखा, आंबट होतो, कारण त्यात तसल्याच आम्लांचे प्रमाण वाढते. मुंग्या आणि लहान शिकारी कीटक यामुळे मागे हटतात. माणसाच्या बोटाला लागल्यास वास काही वेळ राहतो, पण इजा होत नाही, तेव्हा नातवाला भिण्याचे कारण नाही. एक शब्दाची गोष्ट येथेच सांगून टाकतो. अशा अळीला कित्येक जण सुरवंट म्हणतात, पण ज्याच्या अंगावर केस असतात आणि ज्याला हात लागल्यास खाज सुटते तो सुरवंट. ही बिनकेसांची अळी आहे.

आता कोषाकडे येऊ. खाणे संपले की अळी पोट पूर्ण रिकामे करते, आखडते आणि जागा शोधत फिरू लागते. आपली अळी झाड सोडून खराट्यापर्यंत गेली ती यासाठीच. जागा ठरली की ती तोंडाने रेशमाची लहानशी गादी विणते, शेपटाकडील टोक तिच्यात रुतवते आणि मग डोके मागे-पुढे झुलवत रेशमाचा एक धागा कमरेभोवती घेऊन दोन्ही बाजूंना चिकटवते. लहान मुलाच्या कमरेला करगोटा असावा तसा हा धागा दिसतो. त्याच्या आधाराने ती डोके वर करून, थोडी बाहेर झुकलेली अशी टेकून राहते. सुमारे एक दिवस ती अशीच निश्चल असते आणि मग शेवटची कात टाकून आतून कोष उघडा होतो.

आपल्या दुःखाचे उत्तर या क्षणात दडलेले आहे. नव्या कोषाचे कवच पहिले काही तास अगदी मऊ असते, आणि टेरोमॅलससारख्या परजीवी गांधीलमाश्यांच्या माद्या याच वेळेची वाट पाहत असतात. त्या इतक्या लहान असतात की कोषावर बसल्या तरी धुळीचा कण वाटावा. कित्येकदा त्या कात टाकण्यापूर्वीच अळीजवळ येऊन बसतात. मऊ कवचातून त्या आत अंडी घालतात. अंड्यांतून निघालेल्या अळ्या कोषातील जीव आतून खातात, तेथेच कोषात जातात आणि दोन-तीन आठवड्यांनी सगळ्याच्या सगळ्या एकाच लहानशा भोकातून बाहेर पडतात. एका कोषातून शंभराच्या वर माश्या निघालेल्या आढळतात. आपण काडी बरणीत ठेवली ती दुसऱ्या दिवशी, आणि माशी आली असणार ती पहिल्याच दिवशी, कोषाचे कवच ओले असताना. मलमल तिच्या पाठोपाठ बांधली गेली. आपला निष्काळजीपणा झाला असे मात्र मुळीच समजू नये. मोकळ्या अगाशीवरील कोषांपैकी बरेचसे असेच संपतात, आणि ते तसे संपत नसते तर कुंडीतले लिंबाचे झाड एका पावसाळ्यात काड्यांचे होऊन राहिले असते. पुढच्या वेळी भटकू लागलेली अळीच जाळीच्या टोपलीखाली घ्यावी, म्हणजे कात पडताना तिच्यावर कोणी बसणार नाही.

प्रश्न : आमच्याकडे एकाच झाडाच्या दोन अळ्यांनी दोन रंगांचे कोष केले. एक पोपटी, दुसरा सुकलेल्या लाकडासारखा तपकिरी. रंगावरून नर-मादी कळते काय? शिवाय दिवाळीनंतर झालेला एक कोष उत्तरायण आले तरी उमललेला नाही. तो मेला असेल का? (रावपुरा)

उत्तर : रंगाचा नर-मादीशी संबंध नाही. कोवळ्या हिरव्या डहाळीला, पानांच्या गर्दीत टेकलेल्या अळीचा कोष बहुधा हिरवा होतो आणि वाळकी काडी, भिंत, कुंडीचा काठ अशा ठिकाणी तो तपकिरी होतो. हा निर्णय अळी करगोटा बांधून निश्चल बसलेली असते त्या वेळी तिच्या शरीरात होतो. एकदा कोष तयार झाल्यावर आपण तो पानांत नेऊन ठेवला तरी त्याचा रंग बदलत नाही. सरड्याशी त्याची तुलना करतात ती म्हणूनच चुकीची आहे.

दुसऱ्या प्रश्नाबाबत घाई करू नये. पावसाळ्यात लिंबाळीचा कोष साधारण आठ-दहा दिवसांत उमलतो, पण थंडीत तो काही आठवडे, कधी काही महिनेही निजून राहू शकतो. दिवस लहान होणे आणि गारवा वाढणे यांमुळे आतील वाढ थांबते आणि ऊब परतली की पुन्हा सुरू होते. जिवंत कोष हाताळला असता त्याच्या मागील भागाची किंचित वळवळ होते, आणि तो हाताला भरीव लागतो. पोकळ, कागदासारखा हलका किंवा काळा पडून लिबलिबीत झालेला कोष संपला असे समजावे. तोपर्यंत त्याला हीटरजवळ किंवा दुपारच्या उन्हात ठेवून उठवण्याचा प्रयत्न करू नये. दिवसाआड पाण्याचा अगदी बारीक फवारा पुरेसा आहे.

प्रश्न : लिंबाळीचे पंख कसे ओळखावेत? स्वॅलोटेल, म्हणजे शेपटीवाल्या फुलपाखरांच्या, कुळातले असेल तर शेपटी कोठे आहे? (कारेलीबाग)

उत्तर : शेपटी नाहीच. या कुळातील अनेक जातींच्या मागील पंखांना शेपटी असते, पण सर्वांच्या नाही. पंख पसरले असता लिंबाळी 8 ते 10 सेंटिमीटर भरते. वरून काळी, तीवर फिकट पिवळ्या रंगाचे लहान-मोठे वेडेवाकडे ठिपके, आणि पुढील पंखांच्या मुळाशी पिवळे खवले भुरभुरल्यासारखे. खूण पटवायची असेल तर मागील पंखाच्या आतल्या खालच्या कोपऱ्यातील विटकरी लाल ठिपका पाहावा. त्याला लागून निळ्या खवल्यांचा एक तुकडा असतो. खालची बाजू बरीच फिकट असून तीवर निळसर आणि नारिंगी छटा आढळतात. घाणेरीच्या किंवा सदाफुलीच्या फुलावर ती मध घेते तेव्हाही तिचे पंख थरथरत असतात, पूर्ण विसावा घेत नाहीत, त्यामुळे मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांचा हिरमोड होतो. सकाळी ऊन खाताना मात्र ती पंख सपाट पसरून शांत बसते, तेव्हा प्रयत्न करावा.

सयाजीबागेत, ज्याला आपण सारे कमाटी बागच म्हणतो, तेथील बेलाच्या आणि लिंबाच्या जातीच्या झाडांभोवती ती सहज दिसते. विश्वामित्रीकाठच्या ओल्या मातीवर फुलपाखरे जमतात, त्यातही ती असू शकते. हे जमणारे बहुधा नर असतात. ओल्या मातीतून ते मीठ आणि इतर क्षार शोषून घेतात आणि मिलनाच्या वेळी त्यांतील काही अंश मादीकडे जातो.

प्रश्न : मी अगाशीवर लावलेले मोसंबीचे कलम अळ्यांनी फस्त केले. कोणते औषध मारावे? (निझामपुरा)

उत्तर : औषधाची गरज फार कमी वेळा पडते. मोठ्या, जमिनीत रुजलेल्या लिंबाला दहा-वीस अळ्यांनी काही होत नाही. खरे नुकसान होते ते रोपवाटिकेत आणि कुंडीत, जेथे झाडाला मुळात पानेच तीस-चाळीस असतात. अळी आपल्या एकूण आहाराचा बहुतांश भाग शेवटच्या हिरव्या अवस्थेत खाते. म्हणून शिटेसारख्या लहान अळ्या दिसताच हाताने उचलाव्यात, हिरव्या होण्याची वाट पाहू नये. कोवळी पालवी फुटल्यावर रोज सकाळी पानांच्या दोन्ही बाजू पाहिल्या तर अंडीही सापडतात. अळ्या मारवत नसतील तर त्या एखाद्या मोठ्या लिंबाच्याच झाडावर नेऊन सोडाव्यात. लिंबावर वाढलेली अळी मध्येच दुसऱ्या जातीच्या पानांवर टाकली तर ती पुष्कळदा खात नाही. ज्यांना अळ्याही हव्या आणि मोसंबीही हवी, त्यांनी शेजारी गोडलिंबाची, आपल्याकडे ज्याला मीठा लिमडा म्हणतात त्याची, किंवा बेलाची एखादी कुंडी ठेवावी. मादी या दोन्ही झाडांवर अंडी घालते. गोडलिंबावर लिंबाळीसोबत तिचे नातलग बहुरूपी फुलपाखरूही येते आणि दोघांच्या लहान अळ्या नवख्याला वेगळ्या ओळखू येत नाहीत.

आता थोडे अवांतर. लिंबाळी बावचीवरही वाढते, आणि बावची तर शेंगांच्या कुळातील वनस्पती आहे. तिच्यात आणि लिंबाच्या कुळात फ्युरॅनोकुमारिन नावाची सारखी रसायने आहेत, हे या विजोड आवडीचे एक कारण मानले जाते. ऑस्ट्रेलियातील लिंबाळी तर प्रामुख्याने बावचीच्या भाईबंदांवरच जगते आणि तेथील संत्र्यांच्या बागांना तिचा फारसा उपद्रव नाही. आपली आशियाई लिंबाळी मात्र 2004 मध्ये अटलांटिकपलीकडे डोमिनिकन प्रजासत्ताकात आढळली आणि तेथून कॅरिबियन बेटांवर पसरत लिंबूवर्गीय रोपवाटिकांची डोकेदुखी झाली. आपल्या कुंडीतील कलमाचे दुःख त्यांना समजेल.

रोपवाटिकेतून नुकतेच आणलेले झाड असेल आणि त्यावरील अळ्या आपोआप काळ्या पडून मरत असतील, तर त्यावर आधीच काही फवारलेले असण्याची शक्यता आहे. त्या झाडाची पाने पुढचे काही आठवडे चहात किंवा स्वयंपाकात वापरू नयेत.

प्रश्न : आम्ही शाळेत कोष ठेवला होता. फुलपाखरू निम्मे बाहेर येऊन अडकले असे वाटले, म्हणून आम्ही कोष फाडून त्याला मदत केली. ते बाहेर आले, पण पंख चुरगळलेलेच राहिले. खाली लालसर पाणी सांडले होते. ते रक्त होते का? (इयत्ता सातवीतील विद्यार्थी, फतेगंज)

उत्तर : ते रक्त नव्हते. कोषात असताना साठलेला टाकाऊ द्रव फुलपाखरू बाहेर आल्यावर सोडते, तो तांबूस असतो. कोषाच्या आत काय चालते याविषयी एक चुकीची समजूत आहे की अळी पूर्ण विरघळून तिची आमटी होते. बरेचसे अवयव मोडतात हे खरे, पण चेतासंस्था आणि श्वासनलिका नव्या रचनेत बदलतात, नाहीशा होत नाहीत, आणि पंखांच्या अतिसूक्ष्म कळ्या तर अळीच्या अंगातच आधीपासून असतात.

उमलण्याच्या आदल्या दिवशी कोषाचे कवच पारदर्शक होऊन आतील काळा-पिवळा रंग दिसू लागतो. बहुधा सकाळी कवच डोक्याकडून फाटते आणि काही मिनिटांत फुलपाखरू बाहेर येते. तेव्हा त्याचे पंख ओल्या रुमालाच्या घडीसारखे असतात. ते पाय रोवून उलटे लोंबकळते आणि पोटातील द्रव पंखांच्या शिरांत ढकलते. पंख पसरले की ते वाळून ताठ होईपर्यंत एक-दोन तास जातात. याच वेळी सोंडेच्या सुट्या असलेल्या दोन पन्हळी ते पुन्हा पुन्हा गुंडाळून-उलगडून एकमेकींत अडकवते आणि एक नळी तयार करते. तुम्ही कोष फाडलात त्यात वाईट हेतू काहीच नव्हता. ते खरोखर अडकले होते की सावकाश येत होते हे आता सांगता येणार नाही, पण फुलपाखराला लटकायला खडबडीत आधार मिळाला नाही, तर बाहेर आलेले निरोगी फुलपाखरूही पंख पसरू शकत नाही. काचेच्या गुळगुळीत बरणीत असे हमखास घडते. पुढील खेपेस बरणीत आत खडबडीत काडी किंवा जाळीचा तुकडा तिरपा ठेवा आणि कोषाच्या वर पंखाच्या लांबीहून अधिक, म्हणजे निदान दहा सेंटिमीटर, मोकळी जागा राहील असे पाहा.